'देतो' आणि 'दिले'

आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत एक वाक्य फार ऐकू येते. गणपतीला मुंबईहून आलेला दीर ओटीवर बसून म्हणतो, "वयनी, ह्यां घर तुमचांच असा. आमी काय आता मुंबय सोडून येतलंव?" ऐकणाऱ्यांना ते पटते. पावसाआधी कौले परतणे, माडांना पाणी, देवाचा दिवा हे सारे वहिनीच करत आलेली असते. बोलणाऱ्याच्या मनातही खोट नसते. पुढे तो वारतो आणि सातबाऱ्यावर त्याच्या हिश्शापुढे त्याच्या बायकामुलांची नावे लागतात. तोंडवलीत ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

त्या वाक्याला कायद्यात किंमत किती? उत्तर कडू आहे: काहीच नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १२३ सांगते, की स्थावर बक्षीस द्यायचे तर देणाऱ्याची सही, दोन साक्षीदार आणि नोंदणी हवी. (मुसलमानांच्या हिब्याचे नियम निराळे आहेत.) जंगम वस्तूचे तसे नाही. भावाने आपले जाळे उचलून दुसऱ्याच्या हाती दिले, त्याने घेतले, की दान पुरे झाले. जाळे जिथे वाळत घालतात ती जागा मात्र उचलून देता येत नाही. बरे, 'पुढे देईन' हे वचन धरावे, तर मोबदल्यावाचून दिलेले वचन १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे एरवी रद्दच. जवळच्या नात्यात प्रेमापोटी दिलेले चालते, पण तेही लेखी आणि नोंदलेले हवे. म्हणजे फिरून कागदच!

कागदापर्यंत पोचलेल्याला मात्र न्यायालये सांभाळून घेतात. 'आत्माराम सखाराम विरुद्ध वामन जनार्दन' या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवले, की बक्षीसपत्रावर सही-साक्षी होऊन ते घेणाऱ्याच्या हाती पडले व त्याने स्वीकारले, तर केवळ नोंदणी राहिली म्हणून देणाऱ्याला माघार घेता येत नाही. पुढे प्रिव्ही कौन्सिलनेही हीच दिशा धरली. या विषयातला सर्वांत माणुसकीचा निकाल मला हाच वाटतो.

दत्तकाचेही तसेच. ताईमहाराज प्रकरणात १९०१ साली औरंगाबादला झालेले दत्तविधान कायदेशीर धरायचे की नाही, यासाठी लोकमान्य टिळक १९१५ पर्यंत, थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत झगडले. १९५६ चा हिंदू दत्तक कायदाही मूल प्रत्यक्ष दिले-घेतले गेले पाहिजे असे म्हणतो. नुसता विचार पुरत नाही.

कोणी म्हणेल, वहिनी बारा वर्षांहून अधिक राहिली, मग घर तिचेच. इथेच खरी दुःखाची बाब आहे. कब्जाने मालकी मिळायची तर तो कब्जा मालकाच्या हक्काला झुगारून असावा लागतो. वहिनी राहिली ती दिराच्या संमतीने, म्हणून तिची तीस वर्षेही मोजली जात नाहीत. ज्या वाक्याने तिला धीर दिला, तेच तिच्या आड येते.

तरीही कायद्याला निष्ठुर म्हणायला मी तयार नाही. मेलेल्या माणसाला उलट विचारता येत नाही. तेच वाक्य एकाला 'घर दिले' असे आठवते, दुसऱ्याला 'हयातभर राहा' असे, तिसऱ्याला आठवतच नाही. दोष आपल्या रिवाजात अधिक आहे. कागद मागणे म्हणजे अविश्वास, आणि जिवंत माणसापुढे मृत्युपत्राचे नाव काढणे तर अभद्रच! वास्तविक मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे साध्या कागदावर सही आणि दोन साक्षीदार पुरतात. दिराला आपल्या हिश्शापुरते ते खुशाल करता येते. शाळेच्या वहीतले एक पान आणि शेजारचे दोघे, एवढाच खर्च. पण ते पान मागायचे कोणी? वहिनीने मागितले, तर ती घरावर टपलेली ठरते. दिराच्या मुलांनीच वडिलांना सांगावे, तर जाणार असतो तो त्यांचाच हिस्सा.