वजन उतरविण्यासाठी आहारातील बदल

वरणगाव परिसरातील शेतीचे काम गेल्या दोन पिढ्यांत पुष्कळ हलके झाले आहे. मोटेच्या जागी विजेचा पंप आला, नांगरटीला ट्रॅक्टर आला, केळीच्या बागेस ठिबकने पाणी मिळू लागले. ताट मात्र जुन्या कष्टाच्या मानानेच वाढले जाते. न खर्चलेली ऊर्जा चरबीच्या रूपाने साठते. कमरेचा घेर पुरुषास ९० व स्त्रीस ८० सेंटिमीटरहून अधिक भरल्यास मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढतो.

यावर कित्येक जण एकदम जेवण सोडतात. वजन उतरतेही, परंतु उपासमार फार दिवस निभत नाही आणि जुन्या सवयीबरोबर वजनही परत येते. सबब वर्षानुवर्षे पाळता येईल असाच बदल करावा.

प्रथम तेलाकडे पाहावे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेलापासून ९. भरताचे वांगे मुळात अगदी हलके; जडपणा येतो तो फोडणीने. शेवभाजीत तर शेव आधीच तळलेली आणि वर तर्री! माणशी रोज १५ ग्रॅम तेल कमी केल्यास १३५ उष्मांक, म्हणजे महिन्याला सुमारे ४,००० उष्मांक वाचतात. कागदावर ही अर्धा किलो चरबी झाली. प्रत्यक्षात शरीर हलके होते तसा त्याचा खर्चही घटतो व उतार मंदावतो. त्याने निराश होऊ नये. तेलाचा डबा कोणत्या तारखेस उघडला आणि कोणत्या तारखेस संपला, हे भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहीत जावे.

चहाचा हिशेब तर कोणी करीतच नाही. दिवसाचे चार कप व कपास दोन चमचे साखर धरल्यास ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० उष्मांक होतात, आणि पोट रिकामेच राहते. दर पंधरवड्यास अर्धा चमचा साखर कमी करावी, जीभ सरावते.

भाकरी सोडण्याचे कारण नाही. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी पोटाला चांगला आधार देते. तीनऐवजी दोन भाकरी घेऊन उरलेली जागा पालेभाजी, मुळा, काकडी व घट्ट वरण यांनी भरावी.

एका चुलीवर दोन स्वयंपाक होत नाहीत. म्हणून ग्राम कार्यकर्त्यांनी सल्ला एकट्या व्यक्तीस न देता घरातील सर्वांस द्यावा. मात्र वाढत्या मुलांचे व गरोदर स्त्रियांचे अन्न कमी करू नये, आणि मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवण टाळू नये. कमरेचा घेर महिन्यातून एकदा, सकाळी, त्याच फितीने मोजावा.