अपुऱ्या कामाची वही

दिल्लीत कुतुबमिनारच्या उत्तरेस, थोड्याच अंतरावर, दगडधोंड्यांचा एक अवाढव्य बुंधा उभा आहे. कुतुबमिनारच्या दुप्पट उंचीचा मनोरा उभारावा या ईर्ष्येने अलाउद्दीन खिलजीने हे काम हाती घेतले. पहिला मजला सुमारे २५ मीटरपर्यंत चढला आणि १३१६ साली सुलतान मरण पावल्यावर काम थांबले ते कायमचेच. हाच अलाई मिनार. त्याच्या गाभ्यातील अनघड दगड आजही उघडे आहेत. घडीव दगडांचे आवरण त्यांवर चढलेच नाही. काम कोणत्या टप्प्यावर थांबले, हे तेथे नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. घरगुती कामाचे तसे नसते. ते थांबते तेव्हा त्याच्या खुणा गिलाव्याखाली, कपाटात आणि माणसांच्या विस्मरणात दडून जातात.

आणीबाणीच्या काळात, म्हणजे १९७५ ते १९७७ या वर्षांत, दिल्लीतील झोपड्या हटवून लाखो लोकांना शहराच्या कडेला वसविण्यात आले. त्रिलोकपुरी, दक्षिणपुरी, मंगोलपुरी अशा वसाहतींत एकेका कुटुंबाच्या वाट्याला साधारणपणे २५ चौरस यार्ड, म्हणजे जेमतेम २१ चौरस मीटर जागा आली. घर ज्याचे त्याने बांधावयाचे होते. आधी बांबू आणि चटया, मग विटांची एक खोली, पुढे कधीतरी पक्के छत, आणि मुलाचे लग्न ठरले की वरचा मजला, अशा क्रमाने ही घरे वाढत गेली. छतावर आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या सळया परक्या माणसाला अर्धवटपणाच्या वाटतात. घरच्यांच्या दृष्टीने तो पुढच्या मजल्याचा संकल्प असतो.

अशा बांधकामात प्रगती मोजावयाची कशी? बहुतेक कुटुंबे ती खर्चावरून मोजतात, आणि येथेच फसगत होते. भिंती भराभर चढतात, म्हणून काम पाऊण झाले असे वाटते. प्रत्यक्षात गिलावा, नळ, विजेच्या तारा, दारे-खिडक्या आणि फरशी हे वेळखाऊ व खर्चिक काम पुढेच असते. सरकारी बांधकाम खात्यांनी यावर फार पूर्वीच उपाय शोधला आहे. तेथे मोजमाप पुस्तक ठेवतात. त्याची पाने क्रमांकित असतात, आणि प्रत्यक्ष झालेल्या व मोजलेल्या कामाचीच नोंद त्यात होते. चुकीची नोंद खोडून नाहीशी करावयाची नाही. तिच्यावर रेघ मारून बाजूला सही करावयाची. कंत्राटदाराचे बिल या पुस्तकावरून निघते.

गृहस्थाला एवढा काटेकोरपणा नको असेल, तरी दोनशे पानी साधी वही पुरे. त्या दिवशी किती लांब, किती उंच भिंत झाली, किती पोती सिमेंट लागले आणि किती उरले, हे तारखेसह लिहावे. उरलेल्या सिमेंटची तारीख विशेष महत्त्वाची, कारण तीन महिन्यांहून अधिक काळ पडून राहिलेले सिमेंट परीक्षा केल्यावाचून वापरू नये. गवंडी सणासाठी गावी जातो आणि पुष्कळदा परततो तो दुसराच. त्याला सळई किती जाडीची आहे आणि पाण्याचा नळ कोणत्या भिंतीतून गेला आहे हे कोण सांगणार? यासाठी गिलावा करण्यापूर्वी भिंतीचे रेखाचित्र काढून जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून नळाचे अंतर लिहून ठेवावे. छायाचित्र घेतल्यास भिंतीला मोजपट्टी लावून घ्यावे. छतावर सोडलेल्या सळयांना सिमेंटचा पातळ लेप दिल्यास गंज कमी चढतो. तो कधी दिला, याचीही नोंद हवी.

दिल्लीत काम थांबण्याचे आणखी एक कारण आता नित्याचे झाले आहे. २०१७ पासून हिवाळ्यात हवा फार दूषित झाली की धूळ उडविणाऱ्या बांधकामावर टप्प्याटप्प्याने निर्बंध येतात. म्हणून दिवाळीच्या आधीच वहीत ‘येथे थांबता येईल’ अशी खूण करावी. पाया खणून ठेवणे हा थांबा नव्हे. जोते बांधून झाले की तो थांबा होतो. उन्हाळ्याची अडचण वेगळी. मे-जूनच्या लूमध्ये ओले काँक्रीट फार लवकर सुकते. त्यावर किती दिवस पाणी मारले हे मोजून लिहिले नाही, तर चौथ्याच दिवशी कंटाळा येतो. किमान सात दिवस, आणि अशा कोरड्या हवेत दहा दिवस ते ओले राखणे इष्ट.

हातकामालाही हेच लागू आहे. मार्चमध्ये थंडी सरली की दिल्लीतील कितीतरी घरांत अर्धे विणलेले स्वेटर पेटीत जातात. (त्यांपैकी काहींचे मालक पुढच्या हिवाळ्यापर्यंत उंचीने वाढलेले असतात, ही गोष्ट वेगळी.) नोव्हेंबरमध्ये विणकाम पुन्हा हाती घेतल्यावर टाके मोजता येतात, पण सुईचा क्रमांक आठवत नाही, आणि पाठ सैल व पुढचा भाग घट्ट होतो. एका चिठ्ठीवर सुईचा क्रमांक, लोकरीची छटा, विणलेल्या ओळी आणि दहा सेंटिमीटरमध्ये बसणारे टाके लिहून ती चिठ्ठी शेवटच्या ओळीलाच टाचून ठेवावी. पेटीत सुटी ठेवलेली चिठ्ठी सापडत नाही.