जुनी गाडी घेताना

चि. ओंकार यास,


तुझा निरोप मिळाला. मोठी डिझेल गाडी स्वस्तात मिळतेय आणि मालक घाई करतोय, असं लिहिलंस. विकणारा घाई करत असेल, तर आपण थांबावं.

तुला रोज कोथरूडहून हिंजवडीला जायचंय, तेही बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जळून जायला गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. नुसत्या ट्रॅफिकमध्ये डीपीएफ चोंदतो आणि मोठा खर्च निघतो. तुला वॅगन आर, स्विफ्ट अशी छोटी पेट्रोल गाडीच बरी. तिचे पार्ट कुठेही मिळतात, पुढे विकताना गिऱ्हाईकही मिळतं.

आता पाण्याचं. सांगलीत राहतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. २०१९ च्या ऑगस्टात इथे आणि कोल्हापुरात, २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडकडेही, गाड्या पुरात बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून, पॉलिश मारून विकता येते. पण वायरिंगचे जोड आतून गंजत राहतात आणि काही महिन्यांनी एकेक गोष्ट बंद पडू लागते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, आतल्या भागावर चिखलाची रेघ राहून गेलेली असते. मॅट उचल, सीटखालचे रूळ आणि बोल्ट गंजलेत का ते पाहा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून गाळ लागतो का बघ. काचा बंद करून थोडा वेळ आत बस. कुबट वास अत्तराच्या डबीने फार वेळ झाकला जात नाही. एमएच-०९, एमएच-१० पासिंग दिसलं की गाडी वाईट, असं मात्र समजू नकोस. इकडची माणसं गाड्या जिवापाड जपतात.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करायला लाव. किलोमीटरचा आकडा कमी आणि पेडलचं रबर झिजलेलं, असं असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. टायरवर शेवटी चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. तुझ्या ओळखीचा मेकॅनिक बरोबर ने. विकणाऱ्याने सुचवलेला नको.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते आधी पाहा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. थकलेली ई-चलनं मालकालाच भरायला लाव. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घे, आणि विमा १४ दिवसांच्या आत तुझ्या नावावर करायला अर्ज दे. मालकाचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही, तेव्हा विम्याचा हप्ता वाढेल हे धरून चाल.

सगळे पैसे गाडीतच घालू नकोस. टायर, बॅटरी, सर्व्हिसिंगला काही रक्कम बाजूला ठेव. आणि मेकॅनिकने गाडी पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नकोस, मग मालक कितीही मागे लागो.

तुझा,
मामा