बैल कोणी सोडले?

एका खेड्यात रात्रीच्या वेळी दोन बैल गोठ्यातून बाहेर पडले आणि शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरले. सकाळी पाहतात तो उभ्या पिकाची नासाडी झालेली! शेजाऱ्याने भरपाई मागितली. झाल्या प्रकाराची हकीकत बैलांच्या धन्याला लेखी द्यावयाची होती. परंतु त्याला लिहिता येत नव्हते. म्हणून सातवीत शिकणाऱ्या पुतण्याला त्याने लिहावयास बसविले. पुतण्याने लिहिले : ‘रात्री बैल सोडून गडी घरी गेला व बैलांनी हरभरा खाल्ला.’

कागद मोठ्याने वाचून झाला, तेव्हा ओसरीवर बसलेली आजी म्हणाली, “म्हणजे बैल गड्यानं सोडले होय रे? मग नुकसान त्याच्याच मजुरीतून कापतील की!”

पुतण्या गोंधळला. “नाही आजी, दावी कुजली होती. ती तुटली, मग बैल सुटले. गडी तर त्याच्या आधीच घरी गेला होता.”

“मग तसं लिही की बाबा,” आजी म्हणाली.

मुलाने खोटे लिहिले नव्हते. ‘सोडणे’ या क्रियापदाचा ‘मागे ठेवून जाणे’ असाही अर्थ होतो व तोच त्याच्या मनात होता. परंतु कोणताही अर्थ घेतला, तरी ‘सोडून’ या शब्दाचा कर्ता गडीच ठरतो. बैल मोकळे कसे झाले, हे त्या वाक्यात कोठेच सांगितलेले नाही. मग वाचणारा ते काम वाक्यात सापडणाऱ्या एकमेव माणसाच्या माथी मारतो. एका लहानशा शब्दामुळे एका निरपराध माणसाची मजुरी जाण्याची वेळ आली होती. मुलाने कागद बदलला : ‘गडी घरी गेल्यावर रात्री कुजकी दावी तुटून बैल सुटले व त्यांनी हरभरा खाल्ला.’

‘सोडून’, ‘तुटून’, ‘गेल्यावर’ हे शब्द धातूंपासून बनलेले आहेत. पण त्यांनी वाक्य पुरे होत नाही. ‘गडी बैल सोडून’ एवढेच म्हटले, तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. धातूला प्रत्यय लागून तयार झालेल्या अशा शब्दांना धातुसाधिते किंवा कृदन्ते म्हणतात. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. धातुसाधितांचा बारकाईने विचार त्यात आढळतो. कोणी नामाचे काम करते, कोणी विशेषणाचे, तर कोणी क्रियाविशेषणाचे.

विशेषणाचे काम करणारी धातुसाधिते ओळखण्यास सोपी असतात. वाहता झरा, वाहती नदी, वाहते पाणी. पडलेला वाडा, पडलेली भिंत, पडलेले झाड. नामाचे लिंग बदलले की त्यांचे रूपही बदलते. प्रत्ययांमध्ये मात्र काळाचा भेद दडलेला असतो. ‘उकळते पाणी’ चुलीवर आहे, त्यात बोट घातले तर भाजेल. ‘उकळलेले पाणी’ कदाचित केव्हाच निवून माठात भरले असेल. आजारी माणसाला कोणते पाणी प्यावयास द्यावे, हे ‘ते’ आणि ‘लेले’ यांवर ठरते! ‘पडलेली भिंत’ आणि ‘पडणारी भिंत’ यांतही असेच अंतर आहे. पहिलीच्या दगडांवर मुलांनी खुशाल बसावे. दुसरीच्या सावलीलाही उभे राहू नये.

सर्वांत अधिक वापरात असलेले आणि सर्वांत अधिक फसविणारे धातुसाधित म्हणजे ‘ऊन’ प्रत्ययाचे. त्याचे घराणे फार जुने आहे. संस्कृतात ‘गत्वा’ म्हणजे जाऊन, ‘दृष्ट्वा’ म्हणजे पाहून. महाराष्ट्री प्राकृतात ‘काऊण’ म्हणजे करून, ‘सोऊण’ म्हणजे ऐकून. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मधील ज्ञानेश्वरीत ‘करूनि’ अशी रूपे येतात. आजचे ‘करून’ त्याच वाटेने आले आहे. संस्कृतातील या ‘त्वा’ प्रत्ययासंबंधी पाणिनीने आपल्या ‘अष्टाध्यायी’त एक नियम सांगितला. दोन क्रियांचा कर्ता एकच असेल, तर त्यांपैकी आधी घडलेल्या क्रियेला हा प्रत्यय लागतो. मराठीतील ‘ऊन’चा पायाही हाच. ‘मुलीने दार उघडून आत पाहिले’ या वाक्यात दार उघडणारी आणि आत पाहणारी मुलगी एकच, आणि उघडणे आधी, पाहणे नंतर. ‘उघडून’ला स्वतःचा कर्ता नाही, तो त्याने मुख्य क्रियापदाकडून उसना घेतला आहे. म्हणून असे रूप दिसले की ‘हे कोणी केले?’ असा प्रश्न विचारावा. आजीने नेमका तोच विचारला होता.

मात्र भाषा नियमापुढे नेहमीच मान तुकवीत नाही. ‘दावी तुटून बैल सुटले’ या वाक्यात तुटली दावी आणि सुटले बैल. कर्ते दोन आहेत. तरीही ते शुद्ध मराठी आहे. ‘पाऊस पडून रस्ते चिखलाचे झाले’, ‘भिंत कोसळून दोन शेळ्या दगावल्या’ अशी वाक्ये सर्वत्र ऐकू येतात. कोणी जाणूनबुजून न केलेली, आपोआप घडलेली घटना पुढच्या गोष्टीचे कारण ठरते, तेव्हा मराठी ‘ऊन’ला अशी सवलत देते. जाणत्या माणसाने केलेल्या कृतीला ती सहसा मिळत नाही. ‘मी दिवा विझवून बहीण झोपली’ असे कोणी म्हणत नाही. तेथे ‘मी दिवा विझविल्यावर बहीण झोपली’ असेच म्हणावे लागते. ‘ल्यावर’ आणि ‘ताना’ हे प्रत्यय दोन निरनिराळ्या कर्त्यांना एका वाक्यात सुखाने नांदू देतात : ‘मुले शाळेतून परत येताना पाऊस आला.’

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या सर्वांचा मोठा उपयोग होतो. इंग्रजीत धातुसाधित विशेषणाला ‘पार्टिसिपल’ म्हणतात. हा शब्द ‘भाग घेणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला आहे. क्रियापद आणि विशेषण या दोहोंच्या गुणांत त्याचा वाटा असतो, म्हणून ते नाव. ‘बॉइलिंग वॉटर’ आणि ‘बॉइल्ड वॉटर’ म्हणजे आपले उकळते आणि उकळलेले पाणीच होय. परंतु जेथे मराठीपाशी अनेक प्रत्यय आहेत, तेथे इंग्रजी एकट्या ‘इंग’वर काम भागविते. ‘सीइंग’ म्हणजे प्रसंगानुसार पाहून, पाहत, पाहताना किंवा पाहणारा. आधीची क्रिया पुरी झाली होती हे ठसवावयाचे असेल, तर इंग्रजी ‘हॅविंग’ची मदत घेते : ‘हॅविंग फिनिश्ड हिज वर्क, द पोस्टमन वेंट होम’, म्हणजे काम संपवून पोस्टमन घरी गेला.

आता एक वाक्य पाहावे : ‘रनिंग टू स्कूल, द अंब्रेला ब्रोक.’ मराठी मुलांच्या वह्यांत असे वाक्य सहज उतरते, आणि त्याचे कारणही उघड आहे. ‘शाळेत धावत जाताना छत्री मोडली’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे; धावणारा कोण, हे न सांगताही कळते. इंग्रजी वाक्य मात्र ‘रनिंग’चा कर्ता पुढच्या नामातच शोधते आणि तेथे भेटते छत्री. मग छत्रीच पाय फुटून शाळेकडे धावू लागते! ‘रनिंग टू स्कूल, द बॉय ब्रोक हिज अंब्रेला’ असे लिहिले, तर व्याकरण सुधारते. पण छत्री मुलाने मोडली असा नवाच ठपका त्याच्यावर येतो. खरी हकीकत सांगावयाची, तर ‘व्हाइल द बॉय वॉज रनिंग टू स्कूल, हिज अंब्रेला ब्रोक’ असे लिहिणे उत्तम. धावला मुलगा, मोडली छत्री. ज्याचे त्याच्या पदरात पडले.

आणखी एक सवय मोडावी लागते. मराठीला ‘ऊन’ची माळ ओवणे फार आवडते : ‘तो उठून, तोंड धुऊन, दूध पिऊन, दप्तर घेऊन शाळेत गेला.’ यातील प्रत्येक मण्याला इंग्रजीत ‘इंग’ जोडल्यास वाक्य अवघडून जाते. तेथे साधी क्रियापदे ठेवून शेवटी ‘अँड’ घालावा, हेच बरे. मराठी लिहितानाही या माळेत एक गाठ सांभाळावयाची असते. धातूतच ‘व’ असेल तर ‘वून’ लिहावे : ठेवून, जेवून, लावून. तो नसेल तर ‘ऊन’ : घेऊन, खाऊन, धुऊन.

स्वाध्याय

१. ‘मुलाने वडिलांना विहिरीत उतरताना पाहिले.’ येथे विहिरीत कोण उतरत होते? संशय राहणार नाही अशी दोन वाक्ये लिहा. एकात मुलगा उतरावा, दुसऱ्यात वडील.

२. ‘चालती गाडी’, ‘चालणारी गाडी’ आणि ‘चाललेली गाडी’ यांतील फरक सांगा. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने यांपैकी कोणती पाहावी?

३. ‘दोर कापून बादली विहिरीत पडली’ आणि ‘दोर तुटून बादली विहिरीत पडली’ यांपैकी कोणते वाक्य खटकते, ते कारणासह लिहा.

४. शाळेतील खिडकीची काच वाऱ्याने फुटली. त्या वेळी वर्गात एकच मुलगी होती. तिच्यावर विनाकारण आळ येणार नाही अशा रीतीने मुख्याध्यापकांस पाच ओळींचे पत्र लिहा. त्यात निदान तीन धातुसाधिते वापरा व प्रत्येकाच्या कर्त्याखाली रेघ ओढा.