काठावरून गळ टाकताना : नवशिक्यांसाठी पहिला धडा

कामानिमित्त वर्षभर वसईला राहून आलेले आपल्या धर्मग्रामातील दोन तरुण मागील महिन्यात आमच्याकडे आले. तेथे संध्याकाळी समुद्रकिनाऱ्यावर लोक बारा-चौदा फूट लांबीच्या काठ्या घेऊन उभे राहतात, लाटांच्या पलीकडे गळ फेकतात व काठी वाळूत रोवून वाट पाहतात, हे पाहून त्यांना फार आवडले. "फादर, आपल्याकडे हे जमेल का?" असा त्यांचा प्रश्न. आम्हाला स्वतःला या कामाची थोडी आवड आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितले असावे.

जमेल. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे, पण भालकी तालुक्यातील कारंजा धरण, बसवकल्याणचा चुळकीनाला, आळंदकडील अमरजा, कलबुर्गीजवळचे बेन्नेतोरा, शिवाय मांजरा व भीमा या नद्या आपल्या दाराशी आहेत. शेतकऱ्याच्या घरी आठवड्यातून एकदा ताजा मासा आला, तर डाळ-भाकरीला चांगल्या प्रथिनांची जोड मिळते. लहान मुलांना व गरोदर बायकांना त्याची फार गरज असते.

मात्र आधी परवानगी. आपल्याकडील बहुतेक जलाशयांत मत्स्यबीज कोणीतरी पैसे खर्च करून सोडलेले असते व मासेमारीचा हक्क सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. कोळी व अंबिगेर बांधवांची घरे त्यावर चालतात. म्हणून मत्स्यखात्याच्या तालुका कार्यालयात व त्या संस्थेत विचारूनच गळ टाकावा. गळाने दोन मासे धरणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही, पण न विचारता बसणे आपल्याला शोभत नाही. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. ते कोणी करताना दिसले तर गप्प राहू नये.

आता साहित्य. त्या तरुणांनी वसईहून समुद्राची लांब काठी विकत आणण्याचा बेत केला होता. आम्ही तो मोडून काढला. ती काठी जड शिसे लाटांपलीकडे फेकण्यासाठी असते, आणि आपल्याकडे मासा पहाटे काठापासून पाच-दहा हातांवर येतो. पहिले वर्षभर आठ-दहा फुटांचा सरळ, वाळलेला बांबू पुरे. त्याला काठीएवढीच लांब तंगूस बांधावी. तंगूस सुमारे 0.30 मिलिमीटर जाडीची घ्यावी. टोकाला लहान गळ, त्याच्या वर वीतभर अंतरावर हरभऱ्याएवढे शिसे आणि त्याच्या वर तरंगणारे बूच. बूच विकत घ्यायची गरज नाही. वाळलेल्या ज्वारीच्या धांड्याची साल काढून आतला पांढरा गाभा बोटभर कापला की झाले. आम्ही शहरातून आणलेली रंगीत बुचेही वापरली आहेत. मासा हलका टोचतो तेव्हा धांड्याचे बूच आधी सांगते.

गाठ मात्र शिकून घ्यावी, कारण मोठा मासा निसटतो तो बहुधा गाठीतून. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवून तिचे टोक मुख्य दोरीभोवती पाच-सहा वेळा पिळावे, मग ते टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून काढावे, गाठ थुंकीने ओली करावी आणि सावकाश ओढावी. कोरडी गाठ ओढली तर घर्षणाने तंगूस तापते व तेथेच कमजोर होते.

कोणता मासा कोठे, हे त्याच्या तोंडावरून कळते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो वरच्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खाली, तो तळाशी. रोहू मधल्या थरात. म्हणून बूच वर-खाली सरकवून गळाची खोली बदलत राहावी. या तिघांसाठी गव्हाची कणीक व शेंगदाण्याची किंवा करडईची पेंड सारख्या प्रमाणात मळून, त्यात थोडी काकवी घालून बोराएवढा गोळा करावा. बसण्याआधी अर्धा तास त्याच मिश्रणाच्या दोन-तीन मुठी त्या जागी टाकाव्यात. चिलापी, शिंगाळा व वाम यांना गांडूळ आवडते. मरळ काठच्या गवतात राहते व हवेतून श्वास घेण्यासाठी वर येते. तिच्या भोवती तांबूस पिल्लांचा थवा फिरताना दिसला, तर त्या मरळीला सोडून द्यावे. ती पिल्लांची राखण करत असते, व ती गेली की इतर मासे पिल्ले खाऊन टाकतात.

रोहू-कटला पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात ते आपणहून वाढत नाहीत. 1957 साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशातील अंगुल येथे या माशांना इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावले, तेव्हापासून मत्स्यबीज मुबलक मिळू लागले. पहिल्या पुरात ओढ्याच्या तोंडाशी मासे गर्दी करतात व हात शिवशिवतात, पण त्या दिवसांत गळ घरी ठेवावा. खात्याचा बंदीचा आदेश कोणत्या तारखांना आहे तेही विचारून घ्यावे.

जागा ओळखणे ही या विद्येची खरी गोम आहे. समुद्रावर अनुभवी माणूस लाटांमधला काळसर पट्टा पाहतो. तेथे वाळू खोल असते व मासे त्या वाटेने फिरतात. धरणात तशी वाट म्हणजे बुडालेल्या ओढ्याचे जुने पात्र. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते उघडे पडते. बाभळीची खोडे, जुने बांध, दगडांची रास, हे सर्व वहीत काढून ठेवावे. वारा ज्या काठाकडे वाहतो तेथे अन्न साचते व मासाही येतो. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्या वृद्धांना जरूर विचारावे. अशाच एका आजोबांनी आम्हाला पाण्याकडे बोट करून त्यांच्या आंब्याची जागा दाखवली. तेथे आम्हाला आजवरचे सर्वांत चांगले रोहू मिळाले. मग त्यांनी दुसरीकडे बोट केले. "ती आमची विहीर. काठापासून वीस पावलं. कंबरेएवढं पाणी आहे, आणि मग तळच नाही."

हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण गळ अडकला की तो सोडवायला माणूस पाण्यात उतरतो. गळ दोन रुपयांचा असतो. तो तोडून टाकावा. बुडालेल्या विहिरींना कठडा उरलेला नसतो. दुसरा धोका गाळाचा. सात-आठ वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका तलावाच्या काठी आम्ही स्वतः मांडीपर्यंत रुतलो होतो. वरून भेगा पडलेली, वाळलेली दिसणारी माती आत लोण्यासारखी होती. एकटेच गेलो होतो, हा आमचा मूर्खपणा. पाठीवर मागे रेलून, काठी आडवी धरून, एकेक पाय हळूहळू काढायला अर्धा तास लागला. चप्पल अजून तेथेच आहे. तेव्हापासून आम्ही जोडीदाराशिवाय जात नाही, व झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा डबा पन्नास फूट दोरी बांधून जवळ ठेवतो. कोणी पडले तर डबा फेकायचा. पोहणाऱ्यानेही उडी घ्यायची नाही, कारण बुडणारा मिठी मारतो.

तिसरा धोका विजेचा. काठावर पंपसेटच्या तारा खाली लोंबत असतात. बाजारात मिळणाऱ्या काळ्या कार्बनच्या काठीतून वीज सहज वाहते, व ओल्या बांबूवरही भरवसा ठेवू नये. काठी मागे नेण्याआधी वर व पाठीमागे पाहावे. वळवाचे ढग गडगडू लागले की काठी खाली ठेवून पक्क्या घराकडे निघावे, झाडाखाली उभे राहू नये. पुण्याच्या हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप मुलांकडून फोनमध्ये घालून घ्यावे. ते जवळपासच्या विजांची सूचना देते.

जाता जाता, मत्तयच्या शुभवर्तमानात पेत्राला गळ टाकायला सांगितले आहे. इतर ठिकाणी सर्वत्र जाळेच. गळवाल्यांनी तेवढ्यावर समाधान मानावे.

दुखापतींविषयी थोडे. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकावा, म्हणजे बोटात शिरलेला गळ सरळ मागे निघतो. काटा न दाबलेला गळ खोल गेला असेल, किंवा डोळ्याजवळ वा सांध्यात असेल, तर ओढू नये. तंगूस कापून दवाखान्यात जावे. शिंगाळ्याच्या कल्ल्यांमागे व पाठीवर कठीण काटे असतात, ते टोचले की हात ठणकतो. जखम साबणाने धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवली की वेदना उतरते. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून तपासावे, नाहीतर भाजते. कोणत्याही जखमेनंतर धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते डॉक्टरांना सांगावे.

मासा धरल्यावर त्याला तडफडत ठेवू नये. डोक्यावर एक ठोसा देऊन लगेच मारावे, पोट साफ करून ओल्या गोणपाटात सावलीत गुंडाळावे. उन्हाळ्यात दोन-तीन तासांतच मासा नासायला लागतो. रोहू-मृगळाच्या मांसात बारीक दुहेरी काटे असतात. मुलांना शेपटीकडचा तुकडा न देता पोटाकडचा द्यावा, तेथे बारीक काटे नसतात व असलेले मोठे काटे हाताला लागतात.