एका शब्दाचा नेम

चातुर्मास जवळ आला की माळकरी मंडळी आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतात. 'महाराज, ज्ञानेश्वरी वाचायला घेतली, पण पेरणीच्या धांदलीत राहून जाते. आचरणात धरायला एखादे तत्त्व सांगा.' आम्ही पुष्कळ वर्षे क्षमा, शांती, समता असे मोठमोठे शब्द सांगत आलो. ऐकणाऱ्याने मान डोलवावी, बुक्का लावून घ्यावा आणि घरी जावे. पुढे काही घडत नसे. दोष त्याचा नव्हे. 'समता' हा शब्द उशाशी घेऊन निजलेल्या माणसाने सकाळी उठून करायचे तरी काय?

हे शब्द व्याकरणातली नामे होत. (भगवंताचे नाम निराळे, त्याची गल्लत कोणी करू नये.) क्रियापदाचे तसे नाही. आपल्या मराठीत नुसता धातू उच्चारला की आज्ञा होते: चाल, वाक, दे, ऐक, थांब. अर्थ लहान पोरालाही समजतो, आणि सांजेला हिशेब रोखठोक असतो. केले, नाही तर नाही केले.

नाथमहाराजांची पैठणची कथा घ्या. गोदावरीचे स्नान करून येताना एक मनुष्य अंगावर थुंकतो, आणि नाथ पुन्हा नदीवर जातात. कीर्तनात १०८ वेळा म्हणून सांगतात. आपण तिला क्षमेची कथा म्हणतो. पण नाथांनी क्षमेवर प्रवचन केले काय? ते परत गेले आणि न्हाले, एवढेच. पुंडलिकाचेही तसेच. देव दारात आला तरी आईबापांचे पाय चेपणे त्याने सोडले नाही.

आणि ही जुन्याच काळची गोष्ट आहे असेही नाही. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, म्हणजे देवळाच्या बाहेर. समतेवर बोलणारे शतकानुशतके बोलत राहिले आणि दार मात्र अस्पृश्यांना बंदच राहिले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, त्या मागणीचा सगळा भार एका क्रियापदावर होता: उघडा. तेव्हा कुठे ते दार हलले.

आता आपला शब्द सापडावा कसा? वारीत पाहा. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर वाटेवर आपण काय काय करतो? चालतो, वाकतो, वाढतो, ऐकतो. वीणा घेताना वीणेकऱ्याच्या पाया पडतो. धाकटा असो, परका असो, माउली म्हणतो. यांतले जे वारीत सहज घडते आणि घरी आल्यावर अडते, तोच आपला शब्द समजावा. जो दिंडीत सर्वांपुढे वाकतो आणि घरात पोरापुढे आपली चूक कबूल करीत नाही, त्याचा शब्द 'वाक'. रात्री हरिपाठ झाल्यावर घटकाभर बसून आज आपण काय टाळले ते आठवावे. शब्द आपोआप पुढे येतो. न आवडणारा असेल तर बहुधा बरोबर असतो.

एकच घ्यावा, आषाढीपासून कार्तिकीपर्यंत. दोन घेतले की एकाआड दुसरा लपतो. 'नको'चा घेऊ नये. माळ घालताना मद्यमांसाचे 'नको' आपण घेतलेलेच आहेत, ते पाळावेतच. पण नकोने हात रिकामे होतात, त्यांना काम मिळत नाही. आणि आपला शब्द दुसऱ्यावर चालवू नये. एका गृहस्थांनी 'ऐक' घेतला आणि चार महिने सुनेला ऐकवीत बसले!

आमचे सांगायचे तर गेल्या आषाढीला वाखरीच्या तळावर एका वृद्ध माउलीने आम्हांस विचारले, 'महाराज, तुमचा कोनता?' अक्षरओळख नसलेली बाई. तिचा स्वतःचा होता 'वाढ'. जिने तिला उपाशी ठेवले त्या जावेला ती आज ताट वाढते. आम्ही फुशारकीने म्हणालो, 'जा. जाणे हाच वारकऱ्याचा धर्म.' ती म्हणाली, 'मंग तुमी समद्यांकडं जाता?'

आम्ही गप्प झालो. पंढरीला दरसाल पायी जाणारे आम्ही, पण धाकट्या भावाचे घर आमच्या घरापासून चाळीस पावलांवर, आणि बांधाच्या तंट्यापायी ११ वर्षांत ते उंबरे आम्ही ओलांडले नव्हते.

श्रावणातल्या एकादशीला गेलो. तो घरी नव्हता. भावजयीने पाणी दिले, बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायला पाय उचलेना, तेव्हा त्या शब्दाची किंमत कळली. कसेबसे गेलो. तो गोठ्यात धार काढीत होता. मान वर न करता म्हणाला, 'ये.'

बांधाची मोजणी अजून व्हायची आहे.