मूळ प्रत घरी ठेव

पुणे,
दिवाळीनंतरचा रविवार

चि. भाचेबुवा यांस


ताईचा फोन आला होता. कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडून तू पूर्णवेळ रील करणार म्हणतोस, आणि घरात कुणी काही बोललं की ‘मामा त्याच लाइनीत आहे, त्याला विचारा’ असं सांगून मोकळा होतोस. बरं, मामाला विचारलंच आहेस तर ऐक. परीक्षा दे. त्यावर याहून जास्त एक ओळ लिहिणार नाही. मला लिहायचंय ते तुझ्या गाण्याबद्दल.

तुझी भजनाची रील पाहिली. पेटीवर हात चांगला बसलाय. पण सुरुवातच तू सगळ्यात चढ्या ओळीनं करतोस. आधी सूर भरणं नाही, षड्ज लावून घेणं नाही. तू म्हणशील, लोक थांबत नाहीत. ते मला तुझ्याहून जास्त ठाऊक आहे, कारण माणूस वेबसाइटच्या पानावर किती सेकंद टिकला हे मोजण्यावरच माझं घर चालतं. आम्ही एका पानाची दोन रूपं करतो, निम्म्या लोकांना हे दाखवतो, निम्म्यांना ते, आणि ज्यावर जास्त बोटं पडतात ते ठेवतो. बटण लाल असावं की निळं, यावर बैठका होतात. खाली सरकवत जावं आणि पान संपूच नये, ही युक्ती २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या माणसानं काढली. पुढे त्यानंच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, पण तोवर ती सगळ्यांच्या फोनात जाऊन बसली होती.

तेव्हा हे ध्यानात घे की ज्या यंत्रापुढे तू गातोस त्याला अंगठा तेवढा कळतो. थांबला की वर सरकला, संपलं. तुझा कोमल गंधार लागला की हुकला, हे त्याच्या वहीत कुठेच लिहिलं जात नाही. त्या वहीतले आकडे बघून गाणं सुधारायला गेलास तर सुधारेल ते अंगठ्यांचं.

यंत्रानं गाण्याला कात्री लावणं हे मात्र आजचं नाही. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गायिका गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरवला. तबकडीवर जागा जेमतेम तीन मिनिटांची. बैठकीत तास तास चालणारं गाणं तिनं तेवढ्यात बसवलं आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना ही कोणाची तबकडी ते कळायला हवं. मला ही बाई फार हुशार वाटते. यंत्राची अट तिनं मानली, पण आपलं नाव त्याच यंत्राच्या पोटात घालून पाठवलं. दुसऱ्या टोकाला गवई अल्लादियाखाँ. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. आज त्यांचं गाणं म्हणजे शिष्यांनी सांगितलेलं आणि गायलेलं तेवढंच.

त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरीच्या. त्यांनी तबकड्या दिल्या, हात राखून दिल्या. त्यातली साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई वारल्या. ते गाणं अजून सूर्यापासून दूर दूर चाललंय. म्हणजे थोडक्यात काही मावत नाही असं मी म्हणणार नाही. पण ती साडेतीन मिनिटं वर्षानुवर्षांच्या तालमीतून गाळून आलेली आहेत. तू तीस सेकंदांसाठी तीस सेकंदच शिकतोयस. रीलबाहेर कुणी ‘पुढे गा’ म्हटलं तर तुझ्याकडे पुढचं आहे का? मला भीती त्याची वाटते, रीलची नाही.

फोनातला तानपुरा खुशाल वाप­र. तुमच्या गावी, लांजीत, रोज कोण येऊन तंबोरा छेडणार आहे? पण सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर रियाजाला लावू नकोस. ऑटो-ट्यून काढणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून परतणाऱ्या लहरींचं गणित करायचा. तेच गणित त्यानं १९९७ मध्ये गळ्याला लावलं. हिशेब चोख आहे, पण त्याला सूर ठरलेल्या पायऱ्यांवर हवा असतो आणि आपली मींड दोन पायऱ्यांच्या मधूनच जाते. तुझी पेटीही पायऱ्यांचीच आहे, हे तू सुनावण्याआधी मीच कबूल करतो. याच कारणावरून आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला बंदी केली होती. त्या तीसेक वर्षांत पेटी भजनातून गेली नाही, कीर्तनातून गेली नाही, नाटकातूनही गेली नाही. एवढ्या मोठ्या यंत्रणेनं नापास केलेलं वाद्य टिकलं. तेव्हा तुझी एखादी रील पडली म्हणून दोन दिवस जेवणावर राग काढायचं कारण नाही. (हे ताईनं सांगितलं.)

आता माझ्या धंद्यातलं पक्कं सांगतो. तू चढवतोस ते सगळं दुसऱ्याच्या जागेत ठेवलेलं असतं. मायस्पेस नावाची जागा एकेकाळी जगभरातल्या नव्या गायकांचं घर होती. २०१९ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की सर्व्हर हलवताना बारा वर्षांचा साठा गेला. गेलेली गाणी पाच कोटींच्या आसपास. जून २०२० मध्ये आपल्याकडे टिकटॉक एका रात्रीत बंद झालं, आणि कित्येक पोरांजवळ स्वतःच्या व्हिडिओंची दुसरी प्रत नव्हती. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये कर, एमपीथ्री नंतर बनव. एमपीथ्री आकार कमी करायला आवाजातले बारकावे फेकून देते आणि फेकलेलं परत येत नाही. प्रती तीन ठेव. एक कॉम्प्युटरवर, एक हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर. फाइलच्या नावात तारीख, गाव, गाणारा आणि वाजवणारा. मोबाइलनं दिलेल्या आकड्यांच्या नावावरून पाच वर्षांनी तुलाच काही उमगणार नाही. जमेल तेव्हा स्वतःच्या नावाचं एक साधं संकेतस्थळ घे. ते मी उभं करून देईन, आणि त्यावर किती लोक आले हे मोजणारं काहीही बसवणार नाही.

पैशाचंही ऐकून घे. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा की आधीच्या बारा महिन्यांत गाणं हजार वेळा वाजलं नसेल तर त्याचा छदामही मिळत नाही. हजार हा आकडा लहान दिसतो. पोवारी बोलीतल्या गाण्याला तो गाठताना घाम फुटतो. संसार त्यावर मांडू नकोस.

तू ज्या मुलखात बसलायस त्याची श्रीमंती तुला दिसत नाही, याचं मला नवल वाटतं. १९५६ च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत लांजीची राजधानी नागपूर होती. पुढे सरकारी कागद पुरते हिंदी झाले, तरी तुझ्या घरात मराठी राहिली. शेजारी पोवारी, पलीकडे गोंडी. त्याच ऑक्टोबरात खैरागडला संस्थानिकांच्या राजवाड्यात इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झालं. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर तिथे कुलगुरू होते. आज ते छत्तीसगडात असलं तरी तुला पुण्यापेक्षा किती जवळ! पदवी झाली की तिथला प्रवेशअर्ज आण. शिकवणीच्या खर्चात भर मी घालीन.

आणि आता गावोगावच्या मंडईच्या जत्रांचे दिवस आहेत. सीमेपलीकडे, पूर्व विदर्भात, झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली असतील, वडशाहून मंडळ्या निघाल्या असतील. तिथे नट रात्रभर गातात, वादक समोर बसून वाजवतात, आणि लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत हलत नाहीत. लोक थांबत नाहीत म्हणणाऱ्यानं एक रात्र त्या मंडपात काढावी. ओळख काढ, पेटीच्या शेजारी बस, वाजवू देतील तेव्हा वाजव. दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं करणारे म्हातारे अजून आहेत, त्यांच्याकडे जा. फोन पहिल्याच दिवशी काढू नकोस. ध्वनिमुद्रण करायचं तर आधी विचार, चढवायचं तर पुन्हा विचार, आणि नको म्हणाले तर ते त्यांच्याजवळच राहू दे.

रील बंद कर असं मी म्हणत नाही. सकाळचा रियाज होईपर्यंत मात्र फोन आईकडे दे. हार्ड डिस्क कुरिअरनं पाठवतोय. या मंडईत जे काही ध्वनिमुद्रित करशील त्याखाली गाणाऱ्यांची नावं पहिल्या ओळीत लिही आणि तुझं शेवटी.

तुझा,
मामा